समलिंगी जोडप्याला आशीर्वाद: रोम, इंग्लंड की मेथडिस्ट वाट?

पुण्यात पाळकांच्या बैठकीत हा विषय निघाला की चर्चा वचनांवर सुरू होते आणि तिथेच रुतते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, ज्यात समलिंगी संबंधांचा उल्लेख आहे, दोन्ही बाजूंना पाठ असतो. ठराव मांडायचा असेल तर आधी ठरवायचं ते वेगळंच: बहुमताशी न पटणाऱ्या पाळकाचं काय करायचं? तीन चर्चनी याची तीन उत्तरं दिली आहेत.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, १८ डिसेंबर २०२३ च्या 'फिदुचिया सुप्लिकान्स' या जाहीरनाम्यामध्ये शिकवण तसूभरही हलवली नाही. विवाह स्त्री-पुरुषाचाच. सवलत एवढीच की जोडप्याने मागितला तर फादर उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतात. ठरलेला विधी नाही, लग्नाचा पोशाख नाही, विवाह नोंदणीच्या समारंभाला जोडून तर नाहीच. ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात वेळही सांगितली: दहा-पंधरा सेकंद, आणि वेदीसमोर नको. बिघडतं ते फोटोमुळे. गळ्यात हार, मागे वेदी, असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की लोकांच्या लेखी लग्न लागलं. शिवाय सगळे राजी नव्हतेच. आफ्रिकेतल्या बिशपांनी त्याच महिन्यात 'आमच्याकडे नको' असं कळवलं.

इंग्लंडच्या चर्चने डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यांसाठी प्रार्थनांना मुभा दिली. सक्ती कोणावरच नाही. कागदावर हे सगळ्यांत सोयीचं वाटतं, पण शेजारशेजारच्या दोन पॅरिशमध्ये दोन उत्तरं मिळतात आणि भांडण दर सिनॉडला (चर्चच्या प्रतिनिधी सभेला) नव्याने पेटतं. नवा विधी कायमचा मंजूर करायचा तर सिनॉडच्या तिन्ही सभागृहांत (बिशप, पाळक, सामान्य सभासद) दोन तृतीयांश मतं लागतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया इंग्लंडच्या चर्चच्याच अँग्लिकन परिवारात असली, तरी हा निर्णय आपल्याला लागू नाही.

युनायटेड मेथडिस्टांचा अनुभव मात्र नीट वाचावा, कारण खरा हिशेब तिथे दिसतो. २०१९ साली ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी समलिंगी विवाह लावण्यावरची आणि समलिंगी पाळकांवरची बंदी कडक झाली. सोबत बाहेर पडायचं कलम आलं: हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं, वरच्या चर्चला द्यायची वर्गणी आणि पाळकांच्या पेन्शनचा वाटा भरा आणि इमारत घेऊन जा. २०२३ अखेर अमेरिकेतल्या सुमारे ७,६०० मंडळ्या गेल्या. २०२४ मध्ये उरलेल्यांनी बंदीच काढली. भारतातली मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे, त्यामुळे तिला हे बंधनकारक नाही.

आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणारा कलम ३७७ चा निकाल २०१८ चा, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणजे पाळकाकडे पहिली विनंती लग्नाची नाही, घरी येऊन प्रार्थना करण्याची येणार. त्यासाठी रोमची चौकट पुरते, इंग्लंडची सक्ती नसण्याची अट तिला जोडावी. मेथडिस्ट वाटेचा विचारही करण्याआधी धर्मादाय आयुक्तालयातून शेड्यूल एकचा (ट्रस्ट आणि तिच्या मालमत्तेच्या नोंदीचा) उतारा काढा. जागा कोणाच्या नावे आहे ते कळल्याशिवाय फुटीची भाषा व्यर्थ.

आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या ठरावात दोन वाक्यं वेगळी लिहा: मंडळी काय मानते, आणि पाळकाने काय करू नये. दोन्ही एकात आली की दाराशी आलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायलाही पाळक कचरतो.