शाळेचा स्लॅब धोक्यात: दुरुस्ती, टिना की पाडून नवी खोली?

पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांमधून मला एकच प्रश्न वारंवार येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छताचे पोपडे पडताहेत, दोन खोल्यांना कुलूप लागलंय, बांधकामाचे साहेब येऊन फोटो काढून गेले. आता शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव कशाचा घ्यायचा? दुरुस्तीचा, स्लॅब काढून टिना (पत्रे) टाकायचा, की निर्लेखनाचा, म्हणजे इमारत रद्द ठरवून पाडायचा? मी बारा वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो, पोरगी तिसरीत आहे आणि समितीत पालक म्हणून बसतो. त्यामुळे या तिन्ही वाटा मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत.

आधीच सांगतो, छत किती खराब दिसतं यावर ठरवू नका. त्या स्लॅबमध्ये पाणी कुठलं गेलं होतं, ते विचारा.

अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे तिथं, हा प्रश्न विचारणारा हमखास म्हातारा माणूस सापडतो. आमच्या गावात आजी सापडली. शाळेचा स्लॅब टाकला जात होता तेव्हा ती तिथं पाणी भरायला होती. म्हणाली, "ज्या पान्यानं आपल्या लेकरायले मुतखडे होते, त्याच बोअरच्या पान्यानं स्लॅब टाकला. थो काऊन टिकन बावा?" आजीनं जे एका वाक्यात सांगितलं, तेच आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात आकड्यांत आहे: लोखंड असलेल्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड (मिठातला खार) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. कंत्राटदाराला टँकर परवडत नव्हता, बोअर शेजारीच होती.

इथं फरक समजून घ्यायला हवा, कारण सगळा निर्णय त्यावर फिरतो. साध्या स्लॅबला गळती लागते, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी पडतं, बाहेरची ओल आत शिरते आणि सळई गंजते. हा रोग बाहेरून आत जातो. खाऱ्या पाण्याच्या स्लॅबमध्ये तो पहिल्या दिवसापासून आतच असतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतं, ती मिळाली नाही की काँक्रीटला खालून ढकलतं. मग एके दिवशी पंख्याच्या हुकाजवळून ताटाएवढा तुकडा फळ्यासमोर पडतो.

आमच्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयाची चार पोरं तपासणीला आली होती. त्यांनी स्लॅबचा थोडा भाग फोडला आणि ताज्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलिन मारलं. काँक्रीट झकास गुलाबी झालं. खिडकीतून पाहणाऱ्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, सरपंच म्हणाले, म्हणजे चांगला आहे! गुलाबी रंगाचा अर्थ इतकाच की काँक्रीटचा अल्कली गुण शाबूत आहे; आत खार आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. मग त्यांनी शेजारी सिल्व्हर नायट्रेट मारलं, तिथं पांढरट साका धरला. तो क्लोराइडचा. खार नसता तर तपकिरी डाग पडला असता. फक्त पहिली चाचणी करून कोणी "दुरुस्तीयोग्य" लिहून देत असेल, तर सही करू नका. दुसरी मागा.

आता तिन्ही वाटा समोरासमोर ठेवू.

दुरुस्ती

वर्धा, यवतमाळ किंवा नागपूरकडच्या गोड्या पाण्याच्या गावात, गळतीनं खराब झालेल्या छताला मी बिनधास्त दुरुस्ती सांगेन. सैल झालेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज घासून काढायचा, सळईला प्रायमर, मग पॉलिमर मोर्टार आणि वरून वॉटरप्रूफिंग. खोली एका उन्हाळ्यात परत मिळते, पैसा कमी लागतो, पाडापाडीचे कागद लागत नाहीत.

खारपाणपट्ट्यात हेच काम पैशाची माती करतं. ठिगळ लावलं तेवढा भाग नव्या मोर्टारमुळे सुरक्षित होतो, पण त्याला लागून असलेल्या जुन्या, खार मुरलेल्या काँक्रीटमधली सळई आता जास्त जोरात गंजायला लागते. दोन-तीन पावसाळ्यांनी ठिगळाच्या कडेनं नवी भेग दिसते. लोक मिस्त्रीला शिव्या देतात. मिस्त्रीनं काम नीट केलेलं असतं. मानकात लोखंडी काँक्रीटसाठी एका घनमीटरमागे क्लोराइडची मर्यादा ०.६ किलो आहे. तपासणी अहवालातला आकडा याच्या बराच वर असेल तर दुरुस्तीचा विषय तिथंच संपवा. नुसतं प्लास्टर करून चुना मारणं तर सगळ्यात घातक, कारण ते पडायच्या खुणाच झाकतं.

दुसऱ्या देशातलं एक उदाहरण इथं बसतं. इंग्लंडमध्ये १९५० ते १९९० च्या दशकांत बऱ्याच शाळांच्या छतांना गिट्टी नसलेलं, हवेचे बुडबुडे भरलेलं हलकं काँक्रीट वापरलं होतं. २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचं असं छत शनिवारी कोसळलं, म्हणून पोरं वाचली. पुढे ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायच्या तोंडावर, शंभरावर शाळांना त्या इमारती बंद करायला सांगितलं गेलं. ती छतंही खालून धडधाकट दिसत होती. (ही बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली तेव्हा आमच्याकडे एएसी ब्लॉकच्या (तशाच बुडबुड्यांच्या काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीच नकोत असा सूर निघाला. ते वेगळं प्रकरण आहे. त्या ब्लॉकमध्ये लोखंड नसतं आणि छताचा भार त्यांच्यावर टाकलेला नसतो.)

स्लॅब काढून टिना

ही वाट ग्रामपंचायतीला आवडते, कारण लवकर होते. भिंती चांगल्या असतील तर मलाही चालते, पण दोन गोष्टी पाळल्या तरच. स्लॅब भिंतींना वरून बांधून ठेवतो. तो काढला की भिंती मोकळ्या उभ्या राहतात. म्हणून टिनांआधी चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा आणि कैची (टिनांखालचा सांगाडा) त्यात बोल्टनं धरायची. नाहीतर मेच्या वादळात आख्खं छत शेजाऱ्याच्या वावरात सापडतं. आणि भिंतीच्या भेगा आधी वाचा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, उन्हाळ्यात रुंदावणारी भेग पायाची आहे. अशा भिंतीवर टिना म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी.

टिना कोणत्या? सिमेंटचे पत्रे लोखंडी टिनांपेक्षा कमी तापतात, पावसात कमी वाजतात आणि स्वस्त असतात. तरी शाळेवर मी ते घेणार नाही. त्यातल्या बहुतेकांत ॲस्बेस्टॉस असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत. आजार दिसायला कित्येक दशकं लागतात, म्हणून गावात कोणी "याच्यानं झालं" असं म्हणत नाही. अखंड पत्रा तसा गप्प असतो, धूळ निघते ती भोक पाडताना, फुटल्यावर. आणि आपल्याकडे ते फुटणारच, वानरांची टोळी आली की एका उडीत दोन पत्रे जातात. आधीच असे पत्रे असतील तर फुटलेले तुकडे पाणी मारून ओले करून मोठ्यांनीच उचलावेत. पोरांच्या हातात झाडू देऊ नका.

म्हणजे रंगीत लोखंडी टिना, खाली उष्णता अडवणारा थर आणि सिलिंग. सिलिंगवर काट मारून अंदाजपत्रक खाली आणलं जातं, तिथं भांडा. अकोल्याच्या एप्रिलमध्ये उघड्या टिनाखाली सकाळच्या शाळेतसुद्धा साडेनऊनंतर पोरं पाटीनं वारा घालत बसतात. पावसाळ्यात सर बोलतात आणि पहिल्या ओळीलाही ऐकू जात नाही.

निर्लेखन आणि नवी खोली

खारा स्लॅब आणि खचलेला पाया, दोन्ही असतील तर हीच वाट. दोन्हीपैकी एक असेल तर सावरायचा खर्च (स्लॅब खारा तर टिना, पाया खचला तर त्याची दुरुस्ती) आणि नवं बांधकाम यांची अंदाजपत्रकं शेजारी ठेवा. सावरायचा आकडा नव्याच्या निम्म्यापुढे गेला की मी पाडायच्या बाजूनं हात वर करतो.

नव्या खोलीला काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल मागा, म्हणजे खाली कांद्यासारखी फुगलेली खांबाची मुळं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच फुगणाऱ्या मातीसाठी ती विकसित केली. मातीची हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंतच असते, मुळं त्याच्या खाली धरतात. उथळ पायावर नवा स्लॅब टाकला तर दहा वर्षांनी हाच प्रश्न तुमचा नातू विचारेल.

पाणी टँकरचं किंवा वान, शहानूर धरणावरच्या योजनेच्या नळाचं, आणि तेही तपासून. कालवायलाच नव्हे, स्लॅबला मारायलाही तेच. निधी बहुधा मार्चअखेरीस पडतो, स्लॅब भर उन्हात येतो आणि नेमकं तेव्हाच गावात पाणी नसतं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारायचं आहे. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नाहीतर पाचव्या दिवशी बोअरचा पाइप स्लॅबवर दिसेल.

या वाटेची किंमत म्हणजे वेळ. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, बांधकाम उपविभागाचा अहवाल, जिल्हा परिषदेची मंजुरी, मग निविदा. पैसा समग्र शिक्षा किंवा जिल्हा नियोजनातून येतो. चंद्रपूर, यवतमाळकडच्या खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे मागता येतो, शिक्षण त्यांच्या प्राधान्याच्या यादीत आहे.

तोवर पोरं कुठं?

खोली बंद करायला मंजुरीची वाट पाहू नका. आमच्या मॅडमनी लेखी आदेश येईपर्यंत फरशीवर खडूनं रेघ मारली होती आणि पोरांना रेघेच्या अलीकडे बसवायच्या. तिला बिचारीला वरून कोणी विचारेल याची भीती. समितीनं ठराव लिहून कुलूप लावलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीला २५ जुलै २०२५ ला शाळेचं छत पडून सात लेकरं गेली.

समाजमंदिर मिळत असेल तर तेच घ्या. दोन सत्रं चालतात, पण दुपारच्या सत्राची पोरं पेरणी-निंदणीच्या दिवसांत गळतात आणि पोषण आहाराचा घोळ होतो. शेजारच्या गावच्या शाळेत तात्पुरतं समायोजन हा कागदावर सगळ्यात सोपा उपाय, आणि मी त्याच्या सगळ्यात विरोधात आहे. वीसच्या आत पट असलेल्या शाळांना समूह शाळेत नेण्याचा विचार २०२३ मध्ये राज्यात पुढे आलाच होता. तुमचा पट अठरा असेल आणि पोरं वर्षभर दुसऱ्या गावी बसली, तर नवी खोली कोणासाठी बांधायची, हा प्रश्न टेबलापलीकडून येईल. इथं शाळा न पडताही बंद होते. समायोजन टाळता येत नसेल, तर पट आपल्याच शाळेच्या नावावर राहील आणि परतीची तारीख अमुक, हे ठरावात लिहून घ्या.

आम्ही निर्लेखन घेतलं. पाडलेला मलबा नव्या पायात भरायला कंत्राटदार निघाला होता, तो थांबवला. तोच खार परत आत गेला असता. आता जोत्याचं काम सुरू आहे. पहिला टँकर आला तेव्हा मिस्त्रीनं ओंजळभर पिऊन पाहिलं, म्हणाला, "गोडं हाय." आयुष्यभर खारं प्यायलेल्या जिभेचं ते मत. बाटली भरून अमरावतीला पाठवली आहे.