आरएनएलेटर: देवनार ते परळ नमुना शाबूत आणणारी बाटली

बाटलीत पाण्यासारखं दिसणारं द्रावण असतं. रंग नाही, वास नाही, बोटाला लागलं तर वाळल्यावर मिठाची कणी उरते. पण आजारपणात डुकराच्या किंवा कोंबडीच्या अवयवांत कोणती जनुकं कामाला लागली आणि कोणती गप्प बसली, हे ज्यांना मोजायचंय, आणि तेही मुंबईच्या हवेत, त्यांना मी आधीच सांगते: बाकी कुठेही काटकसर करा, इथे करू नका. मी पशुवैद्यक आहे, परळला प्रयोगशाळेत काम करते. माझे डुकरांचे नमुने देवनारच्या कत्तलखान्यातून येतात, कोंबड्यांचे कर्जत-पनवेलकडच्या पोल्ट्र्यांमधून. आरएनएलेटर मी बरीच वर्षं वापरतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या द्रावणाची गरज का पडते ते आधी. डीएनए चिवट असतो, तो जुन्या हाडांतही सापडतो. शिवाय यकृतात आणि फुफ्फुसात तो सारखाच, त्यामुळे आत्ता शरीरात काय चाललंय हे त्यावरून कळत नाही. ते कळतं आरएनएवरून, कारण जनुक चालू झालं की त्याची आरएनए प्रत निघते. ही प्रत मात्र भलती नाजूक. ती तोडणारी विकरं अवयवात असतातच, आपल्या घामात आणि बोटांवरही असतात. जनावर मेलं की तोडफोड सुरू होते, आणि त्याच वेळी पेशी धक्क्याने काही नवी जनुकंही चालू करतात. अर्धा तास टेबलावर पडलेल्या प्लीहेतून निघणारा आकडा रोगाबद्दल कमी आणि त्या अर्ध्या तासाबद्दल जास्त बोलतो.

आरएनएलेटर म्हणजे मुख्यतः अमोनियम सल्फेटचं अतिशय घट्ट द्रावण, किंचित आम्लधर्मी. ते अवयवाच्या तुकड्यात मुरलं की प्रथिनं साकळतात, त्यात ती तोडणारी विकरंही अडकतात आणि आरएनए जिथल्या तिथे राहतो. माहितीपत्रक म्हणतं, नमुना ३७ अंशांना एक दिवस, २५ अंशांना एक आठवडा आणि ४ अंशांना एक महिना टिकतो. उणे २० ला कितीही काळ ठेवा. उणे २० ला हे द्रावण गोठतही नाही, त्यामुळे तुकडा हवा तेव्हा काढून, थोडा कापून परत ठेवता येतो.

आता मुंबईच्या हिशोबाने वाचा. त्या पत्रकातलं २५ अंश हे खोलीचं तापमान आपल्याकडे एसी लावल्याशिवाय मिळत नाही. मे महिन्यात गोवंडी स्टेशनवर थर्मोकोलचा डबा घेऊन उभं राहिलं की आपण ३७ अंशांच्या ओळीत येतो, आठवड्याच्या नाही. म्हणून मी बर्फाच्या पिशव्या नेतेच. हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेची स्लो, डबा कायम मालडब्यात. पावसात कुर्ला-शीवला पाणी भरून गाडी थांबली तरी जीव खालीवर होत नाही, आणि माझ्या लेखी या बाटलीची निम्मी किंमत तिथेच वसूल होते. हेच काम द्रव नायट्रोजनने करायचं तर उणे १९६ अंशांचं भांडं लोकलमध्ये नेता येत नाही, स्वतंत्र गाडी करावी लागते. आरएनए वाचवणारं दुसरं द्रावण म्हणजे ट्रायझॉल. ते उत्तम, पण त्यात फिनॉल आहे. ते कातडी जाळतं. शेडमध्ये, आजूबाजूला मालकाची पोरं बागडत असताना, मी ते उघडणार नाही.

खरी मेख आहे तुकड्याच्या जाडीत, आणि इथे नवी मुलं हटकून फसतात. एका बाजूने तरी तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा बारीक हवा, नाहीतर द्रावण मध्यापर्यंत पोचायच्या आत गाभ्यातला आरएनए तुटलेला असतो. कोंबडीत हे करताना तिची शरीररचना ठाऊक हवी. तिला आपल्यासारख्या लसिकाग्रंथी नसतात. प्रतिकारशक्तीचं बघायचं तर प्लीहा, आंधळ्या आतड्याच्या तोंडाशी असलेले टॉन्सिल आणि गुदमार्गाच्या वर बसलेली बर्सा, हे तीन अवयव हवेत. गंबोरो हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग येतो तो या बर्सावरच. कोवळ्या पक्ष्यात ती गुबगुबीत असते, उभी चिरली की आतल्या घड्या दिसतात, आणि त्या घड्यांत विष्ठेचे कण अडकलेले असतात. मी ते निर्जंतुक सलाइनने एकदाच धुते, टिपकागदावर टेकवते, उभ्या पातळ चिपा काढते आणि लगेच नळीत टाकते. कोंबडीचं फुफ्फुस फासळ्यांच्या खाचांत रुतून बसलेलं असतं. चिमट्याने ओढाल तर चिंध्या होतात, बोथट कडेने फासळीपासून सोडवत आणावं लागतं. हात सावकाश चालला की वेळ जातो, आणि वेळ गेला की आरएनए जातो. म्हणून मी आधी बर्सा आणि प्लीहा घेते, फुफ्फुस शेवटी.

डुकराच्या फुफ्फुसाची तऱ्हा वेगळी. स्पंजासारखं हवेने भरलेलं असल्यामुळे तुकडा या जड द्रावणावर तरंगत राहतो आणि वरची बाजू कोरडी पडते. नळी गळ्यापर्यंत भरायची, झाकण लावायचं, आडवी ठेवून अधूनमधून उलटसुलट करायची. द्रावण तुकड्याच्या किमान पाचपट हवं, मी फुफ्फुसाला दहापट घालते. रात्रभर ४ अंशांच्या फ्रीजमध्ये मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी उणे २० ला. उणे ८० ला ठेवायचं असेल तर द्रावण ओतून नुसता तुकडा ठेवायचा. मुरू न देता घाईघाईत गोठवलेल्या नमुन्याचा भरवसा मी धरत नाही.

नंतर काय मिळतं? आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० असा अंक यंत्र देतं. सिक्वेन्सिंग (म्हणजे आरएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचणं) करणाऱ्या प्रयोगशाळा सहसा सातच्या पुढचा मागतात. प्लीहा आणि यकृत मला बहुतेक वेळा आठच्या वर मिळतात. कोंबडीचं आतडं त्रास देतं, तिथे सात मिळाले तरी मी खूश असते. देवनारला मी आतड्याचा नादच सोडलाय. तिथे कामाचा झपाटा असा की आतडं हाती येईस्तोवर फार उशीर झालेला असतो. फुफ्फुस मात्र तिथले लोक, "मॅडम, आधी तुमचं घ्या," म्हणत ताजं पुढे करतात. त्यांच्या या मदतीशिवाय माझं डुकरांवरचं काम उभंच राहिलं नसतं.

दोष आहेत. द्रावण फार थंड झालं की बाटलीत तळाशी स्फटिक बसतात. ३७ अंशांना ठेवून हलवलं की विरघळतात, पण शेडमध्ये बाटली उघडल्यावर ते दिसले तर हात चोळत बसावं लागतं. म्हणून न वापरलेली बाटली फ्रीजमध्ये नको, बाहेरच ठेवा. तुकडा कडक होतो, दळायला जास्त जोर लागतो. कोंबडीच्या रक्तासाठी मी हे वापरत नाही. प्रथिनं साकळून गाळ होतो, आणि कोंबडीच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असल्याने तिच्या रक्ताचं गणित मुळातच वेगळं आहे, त्याला वेगळी तयारी लागते. आणि एकाच प्रयोगात निम्मे नमुने यात, निम्मे नायट्रोजनमध्ये, असं तर अजिबात करू नका. पद्धतीतला फरक रोगाचा म्हणून छापला जाईल.

महाग आहे म्हणून घरचं बनवू का, असं बरेच विद्यार्थी विचारतात. बनवता येतं. लिटरभर पाण्याला साधारण ७०० ग्रॅम अमोनियम सल्फेट, थोडं सोडियम सायट्रेट आणि ईडीटीए, सामू ५.२. हात बसवण्यासाठी मी मुलांना हेच देते आणि निकाल चांगले येतात. पण प्रबंधाचे नमुने, पुन्हा न मिळणाऱ्या साथीतले नमुने, यांना बाजारातली तपासलेली बाटलीच. एकच कोंबडी दोनदा आजारी पाडून दोनदा कापता येत नाही.

एवढा जीव का टाकायचा, तेही सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबारच्या नवापूरला आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्याच विषाणूंच्या बऱ्याचशा जातींनी बदक आजारीही पडत नाही. २०१० मध्ये यामागचं एक कारण पुढे आलं. पेशीत शिरलेला विषाणू ओळखणारं रिग-आय नावाचं जनुक बदकात आहे, कोंबडीत ते सापडत नाही. बदकाचं ते जनुक कोंबडीच्या पेशींत घातल्यावर विषाणूची वाढ कमी झाली. डुकरांचंही तसंच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरला, पाळीव डुकरं पटापट मेली, आणि आफ्रिकेतली वॉर्टहॉग नावाची रानडुकरं तोच विषाणू अंगावर बाळगून धडधाकट फिरतात. मेलेलं आणि वाचलेलं यांच्यात कोणती जनुकं, किती आणि केव्हा चालू झाली, हे कळलं तर वाण निवडताना, लस बनवताना हाताशी काहीतरी असेल. २०२४ मध्ये डुकराच्या ३४ ऊतींमधल्या ५,४५७ आरएनए नमुन्यांचा मोठा संच प्रसिद्ध झाला. तो जगभरच्या लोकांनी आधीच जमा करून खुल्या ठेवलेल्या माहितीतून उभा राहिलाय. म्हणजे तुमच्या नळीतला तुकडा उद्या कुणीतरी अनोळखी माणूस वापरणार आहे, तो नीट जपलेला असलाच पाहिजे.

घेताना १०० आणि ५०० मिलीच्या बाटल्या मिळतात. थंड साखळी लागत नाही, साध्या कुरिअरने येते, पण मुदतीची तारीख बघूनच ताब्यात घ्या. एका पुरवठादाराने मला मुदत संपत आलेली बाटली पाठवली होती आणि बदलून मिळायला बरेच फोन करावे लागले. मोठी बाटली स्वस्त पडते, मात्र ती शेडमध्ये नेऊ नका. प्रयोगशाळेतच हातमोजे घालून नळ्यांत भरा, नळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा (या द्रावणाचा ओघळ लागला की मार्करची शाई पुसते) आणि तेवढ्याच नळ्या सोबत न्या. ज्यांच्याकडे फार्मच्या दारात नायट्रोजन आहे किंवा ज्यांना फक्त सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्यात, त्यांनी यावर पैसे घालू नयेत.