हिंगुळाच्या डोंगरात गेलेले ३,८५,००० रुपये

आकडे आधी सांगून टाकतो. हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाच्या, खाणीत पैसे गुंतवा म्हणून एका टोळीने मला फसवलं. ‘हिस्सा’ १,२५,०००. ‘नमुना तपासणी’ ४२,५००. ‘भट्टीची अनामत’ २,१७,५००. एकूण ३,८५,००० रुपये. परत आला एक रुपयाही नाही.

अशी टोळी कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे: ओळखीतला माणूस, त्याच्या वरचा ‘साहेब’, घाई, ‘शेवटच्या तीन जागा’. ते उगाळत नाही. यांचं आमिष वेगळं होतं. यांनी मला इतिहास विकला, आणि तो इतिहास खरा होता, याचीच जास्त चीड येते.

दुर्गम डोंगरात लाल दगड सापडतो आणि माणसाचं नशीब पालटतं, अशा गोष्टी साहेब सांगायचा. पेरूच्या अँडीजमधलं वांकाव्हेलिका: सोळाव्या शतकात तिथल्या हिंगुळामुळे पोटोसीच्या खाणींतली चांदी वेगळी काढायला पारा मिळाला. स्लोव्हेनियातलं इद्रिया: तिथे पारा सापडला १४९० मध्ये. कॅलिफोर्नियात १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने ओळखलेला हिंगूळ. तिथले मूळ रहिवासी ओलोन लोक तोच दगड पिढ्यान् पिढ्या रंगासाठी वापरत होते. तीन वर्षांनी सोनं सापडलं आणि पाऱ्याला प्रचंड मागणी आली. हे सगळं मी स्वतः पडताळून पाहिलं. तीन गोष्टी खऱ्या निघाल्यावर चौथी, म्हणजे त्यांचा डोंगर, खोटी असेल असं कोणाला वाटलं असतं? मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

आता ती परीक्षानळी. कास्तियेरोने कुटलेला दगड निखाऱ्यावर टाकला, वर पेला उपडा धरला आणि आत पाऱ्याचे थेंब जमले, ही हकीकत साहेबानेच रंगवून सांगितली. लगेच म्हणाला, “काका, तोच प्रयोग तुमच्यासमोर करतो.” पण त्याने घेतली तळ बंद असलेली अरुंद नळी. तीत लाल भुकटी टाकली, दुसरं काहीही नाही. खाली ज्योत धरली आणि काचेवर चकचकीत, टपोरे थेंब! आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. वजनात ८६ टक्के पारा. पण बंद नळीत नुसता तापवला तर तो काळा पडतो आणि वर काचेवर काळा थर बसतो. थेंब हवे असतील तर भुकटीत चुना किंवा लोखंडाचा कीस मिसळावा लागतो, नाहीतर निखाऱ्यावरच्या मोकळ्या हवेत गंधक जळून जावं लागतं. त्या नळीत काळं काहीच नव्हतं. म्हणजे थेंब आधीच भुकटीत दडवलेले होते. ज्या हकीकतीने मला भुलवलं तिच्यातच त्याची चोरी उघडी पडली होती, आणि ती माझ्या नाकासमोर चालली होती! मी आयुष्यभर हिशेब तपासले, क्षार आणि भस्मं नाही. तरीही रात्री डोळा लागत नाही तेव्हा ती स्वच्छ काच दिसते.

त्यांनी नमुना म्हणून दिलेला दगड नंतर भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी चकाकी नसलेल्या फरशीच्या पाठीवर घासला. रेघ तपकिरी लाल उमटली. हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. हिंगुळाची रेघ शेंदरी लाल येते आणि तो पाण्याच्या आठपट जड असतो, हेमॅटाइट साधारण पाचपट. फुकटात होणारी तपासणी. मी ४२,५०० मोजले.

फोटोही जपून बघा. पाऱ्याचा व्यापारी फ्लास्क ७६ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचौतीस किलो, तोही लोखंडी बाटलीचं वजन सोडून. त्यांच्या माहितीपत्रकात एक पोरगा भरलेला फ्लास्क एका हाताने डोक्यावर धरून हसतोय. आणि घरी दगड तापवून बघायला जाऊ नका; ती वाफ विषारी आहे, वांकाव्हेलिकाच्या खाणीत तिने माणसं मेली.

सगळ्यात वरताण म्हणजे कायदा. पाऱ्याबाबतचा मिनामाटा करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, भारत त्यात आहे, आणि सदस्य देशांत पाऱ्याची नवी खाण सुरू करायला बंदी आहे. म्हणजे डोंगरात खरंच हिंगूळ असता तरी हा धंदा उभा राहिला नसता.

हे कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. “हे दिवाणी प्रकरण आहे.” मी म्हटलं, साहेब, न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) बघा, जुनं ४२०. “पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?” मग काय, चोराने खिशात हात घालायला हवा होता? तिथून दुसऱ्या कार्यालयात: रक्कम लहान आहे, त्यांच्याकडे मोठी प्रकरणं असतात. खनिज कार्यालयात: आमच्या यादीत अशी खाणच नाही, मग तक्रार कसली? अहो, खाण नाही हीच तक्रार आहे! बँकेने पोलिसांचं पत्र मागितलं, पोलिसांनी बँकेचं. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा कर्मचारी रजेवर. प्रत्येक टेबलावर एक नजर ठरलेली: या वयात हाव सुटली होय? हाव नव्हती. निवृत्तीचे पैसे महागाईपुढे टिकावेत एवढंच होतं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मला हे फार उशिरा कळलं, तोवर खातं रिकामं झालं होतं. संदेश पुसू नका. रोख देऊ नका. टोळीने फसवलेल्या इतर ‘हिस्सेदारां’ना शोधा आणि एकत्र तक्रार द्या, एकट्याला खुर्चीसुद्धा देत नाहीत. आम्ही आता सात जण झालोय. त्यातल्या दोघांना त्याच साहेबाने नवं माहितीपत्रक पाठवलंय: डोंगर वेगळा, फ्लास्कवाला पोरगा तोच.