पत्त्यांना पिनकोड जोडणारं सेड: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक पत्ता. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, शिवाय येळ्ळूर, कडोली, उचगाव अशी गावं. बऱ्याच पत्त्यांना पिनकोडच नव्हता. तो घालण्यासाठी उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) सेड (sed) हे आदेश लिहून मजकूर बदलण्याचं साधन वापरायला घेतलं आणि आता यादीचं जवळपास सगळं काम त्यावरच चालतं.

ली मॅकमहॉन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात लिहिलेलं हे साधन. एकेक ओळ वाचतं, तिच्यावर सांगितलेला बदल करतं आणि पुढे जातं. शोधायला दिलेला मजकूर, म्हणजे नमुना, जुळला नाही तर ओळ जशीच्या तशी बाहेर पडते. माझा विश्वास बसला तो यामुळेच, कारण लोकांचे पत्ते आहेत, नको तिथे एक कानासुद्धा हलून चालत नाही.

आता मुख्य काम. ‘खानापूर’ असलेल्या ओळींच्या शेवटी ५९१३०२ जोडायचं. सरळ उपाय असा की ‘/खानापूर/’ लिहून त्या ओळी निवडायच्या आणि ‘एस/$/ - ५९१३०२/’ चालवायचं. इथे एस (इंग्रजी s) म्हणजे बदल करण्याचा आदेश आणि $ म्हणजे ओळीचा शेवट. पण बेळगावात खानापूर रोड आहे! ‘खानापूर रोड, टिळकवाडी, बेळगाव’ राहणाऱ्या माणसाचा अंक मग थेट खानापूरला जाणार. म्हणून मी नेहमी ‘एस/खानापूर$/& - ५९१३०२/’ असंच लिहितो. & म्हणजे जुळलेला मजकूर परत तिथेच ठेव. याचा आणखी एक मोठा फायदा: आदेश चुकून दुसऱ्यांदा चालला तरी पिनकोड दोनदा लागत नाही, कारण ओळ आता ‘खानापूर’वर संपतच नाही. शहराच्या नावासाठी ‘बेळगावी?$’ धरतो. ? म्हणजे आधीची वेलांटी असो वा नसो; त्यासाठी -ई (-E) हा पर्याय लावावा लागतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे यादीत दोन्ही रूपं सापडतात.

मराठीत खरा त्रास दिला तो ‘ऱ्या’नं. ‘दुसऱ्या रेल्वे गेटजवळ’ एवढंच लिहिलेल्या पत्त्यांना ‘टिळकवाडी’ जोडायचं होतं. काही ओळी जुळल्या, काही नाही, आणि पडद्यावर तर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. कारण असं की कुणी खालचं टिंब असलेला ‘ऱ’ टाइप करतो, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. सेडला ती दोन वेगळी अक्षरं. ‘दुस(ऱ्|र्‍)या’ असं -ई लावून लिहिलं की दोन्ही पकडली जातात. नमुन्यात ‘कुठलंही एक अक्षर’ या अर्थानं लिहायच्या टिंबाचंही (.) तसंच: यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात एक टिंब एक कोडपॉइंट, म्हणजे एक सुटं चिन्ह धरतं, म्हणून ‘नि’साठी (न आणि वेलांटी) दोन टिंबं लागतात.

विंडोजवरून आलेल्या फाइलींत ओळीच्या शेवटी एक लपलेलं चिन्ह असतं. मग ‘खानापूर$’ कधीच जुळत नाही आणि सेड चकार शब्द काढत नाही. ही शांतता मला खटकते. निदान किती ओळी बदलल्या ते सांगायला हवं होतं. आलेली प्रत्येक फाइल मी आधी ते चिन्ह काढणाऱ्या डॉसटूयुनिक्समधून (dos2unix) काढतो आणि सेडनंतर जुन्या-नव्या फाइलींचा डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक बघतो.

नवे लोक हटकून गोंधळतात ते ‘ए’ (a, म्हणजे append) आदेशात. नाव जोडण्याचं असलं तरी तो ओळीच्या शेवटी मजकूर लावत नाही, खाली नवीन ओळ घालतो. लेबलवर पत्त्याखाली ‘छापील टपाल’ टाकायला तो उत्तम आहे.

मूळ फाइल जागीच बदलायची असेल तर -आय (-i) या पर्यायाला चिकटून ‘.जुनी’ लिहा, म्हणजे आधीची प्रत त्या नावानं राहते. मॅकवर -आयच्या पुढे हे शेपूट द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण तरी. उबुंटूवरचा आदेश तिकडे तसाच उचलून नेऊ नका.