खैरागढला गाणं शिकायला जावं का? एमएवाल्यांसाठी रिव्ह्यू

नागपूर-गोंदियाकडची गाणारी पोरं दर मे-जूनमध्ये हेच विचारत असतात, भाऊ खैरागढ कसं आहे, ॲडमिशन घेऊ का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी तिथून गायनात एमए केलंय. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, छत्तीसगडमधलं, १९५६ चं. तिथल्या राजा-राणीने अकाली गेलेल्या मुलीच्या नावाने आपला राजवाडाच विद्यापीठाला देऊन टाकला, ती ही इंदिरा (आणि हो, उद्घाटनाला इंदिरा गांधी आल्या होत्या त्यामुळे सगळ्यांचा घोळ होतो).

माहोल एक नंबर, यात वादच नाही. विद्यापीठ म्हणजे फक्त कलाच, कॉमर्स नाही सायन्स नाही, त्यामुळे "गाण्यात एमए करून काय करणार" असं विचारणारं कोणी भेटतच नाही. व्हरांड्यातून नुसतं चालत गेलात तरी इकडे कोणी विलंबित घोळवतंय, तिकडे कथकवाल्यांचे तत्कार, लोकसंगीतवाल्यांचा मांदर, आणि चहाला शेजारी मूर्तिकलेवाला हाताची माती तशीच ठेवून बसलेला. मी आधी ज्या कॉलेजात होतो (नाव नको) तिथे तबल्याच्या ॲपवर आख्खी प्रॅक्टिकल उरकायचे, ठेका चुकला तरी ॲप काय बोलणार! जिता-जागता तबलजी समोर बसला की समेवर येताना पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

आता ग्रुप क्लासचं. हा प्रॉब्लेम कुठल्याही विद्यापीठात येणारच, पण आधी कोणी सांगत नाही. पोरं काळी एक-दोनमध्ये (पेटीची ती काळी पट्टी सा धरून) गाणार, पोरी काळी चार-पाचमध्ये, आणि वर्ग एकच, मग तानपुरा लावायचा कुठे? काळी दोन लावला तर मुलींनी मध्यमाला सा धरायचा म्हणजे बरोब्बर काळी चार येते, पण कान मागच्या षड्जाकडे ओढ घेत राहतो. सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो. म्हणून रोजचा रियाज आपल्याच पट्टीत, आपल्या खोलीवर, याला पर्याय नाही.

गांधर्ववाल्यांनो (गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्यांनो), हे नीट वाचा. तिथे स्वरलेखन सगळं भातखंडे पद्धतीने चालतं (भातखंडेंचे शिष्य, आपल्या मुंबईचे रातंजनकर बुवा तिथे कुलगुरू होते, त्यामुळे नवल नाही). तुम्ही विशारदपर्यंत पलुस्कर पद्धतीने लिहिलेलं असणार. पलुस्करमध्ये स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), भातखंडेमध्ये तेच टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक)! तुमची तार सप्तकाची उभी रेघ तिथे मध्यमावर दिली की तो तीव्र मध्यम होतो. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) १ लिहायची सवय सोडून गुणिलेची फुली, आणि खालीला (टाळी नसलेल्या जागेला) अधिकचं चिन्ह सोडून शून्य. एकीचा पेपर असाच गेला होता, बंदिश पाठ, स्वर बरोबर, आणि वाचणाऱ्याला मंद्रातले सगळे स्वर तार सप्तकात दिसले असणार. जायच्या आधी भातखंडेंची क्रमिक पुस्तक मालिका घेऊन दोन-चार बंदिशी हाताने उतरवून काढा.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो सेमिस्टरसाठी, आणि हे सगळ्याच विद्यापीठांचं दुखणं आहे. एखादा राग कुठे अंगात मुरायला लागतो तोवर परीक्षा, आणि लगेच पुढची यादी. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार काय सहा महिन्यांत गळ्यात बसतो का? त्यामुळे घरचे गुरुजी सोडू नका, सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसा, ते सेमिस्टर बिमिस्टर ओळखत नाहीत. थिअरी मात्र विद्यापीठातच पक्की होते, नेट-सेट द्यायची असेल तर गुरुजींच्या बैठकीवर संगीत रत्नाकर या जुन्या ग्रंथातल्या श्रुती कोणी घोकून घेत नाही.

जाण्याचं म्हणाल तर खैरागढला रेल्वे नाही, डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरून पुढे रस्त्याने. नवरात्रात डोंगरगडला बम्लेश्वरी देवीच्या दर्शनाची तुडुंब गर्दी असते, त्या दिवसांत हातात तानपुरा घेऊन अजिबात निघू नका, भोपळा फुटायचा. आणि जेवणात भात भरपूर हं, पोळीशिवाय घास उतरत नसेल तर खोली घेतानाच गॅसचं बघून ठेवा.