जीमेलचं फुकट अकाउंट घेताय? मग पासकी त्याच दिवशी लावा

जीमेलचं नवीन अकाउंट काढायला काही कष्ट नाहीत, नाव, जन्मतारीख, हवा तो आयडी (चांगले आयडी आधीच गेलेले असतात, तिथेच जरा डोकं लावावं लागतं), पासवर्ड, बहुतेक वेळा मोबाईल नंबर, झालं. 15 जीबी जागा फुकट मिळते पण त्यातच ड्राइव्ह आणि फोटो पण येतात, फोनचे फोटो बॅकअपला लावले की भराभर भरते. मेल म्हणून बाकी सगळं सगळ्यांना माहितीये.

मला बोलायचंय ते फिशिंगबद्दल, म्हणजे खोट्या पेजवरून पासवर्ड चोरण्याबद्दल, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पासकी (पासवर्डऐवजी फोनला बोट लावून किंवा स्क्रीन लॉकने लॉगिन करायची सोय). बहुतेक लोक अकाउंट काढतात, ओटीपी चालू करतात आणि आता आपण सेफ आहोत असं समजतात. तसं नाहीये हो. खोटं लॉगिन पेज हुबेहूब असतं, तुम्ही पासवर्ड टाकता, मग ते ओटीपी मागतं, तुम्ही तोही टाकता, आणि पलीकडे तो कोड त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरून कोणीतरी तुमच्या अकाउंटमध्ये घुसलेला असतो.

याहूने 2006 मध्ये साइन-इन सील आणलं होतं, म्हणजे लॉगिन पेजवर तुम्हीच निवडलेला फोटो किंवा शब्द दिसायचा, नाही दिसला तर पेज खोटं. आयडिया छान होती पण सगळी जबाबदारी माणसाच्या नजरेवर, आणि घाईत कोण बघतं फोटो आहे की नाही ते!

पासकीमध्ये पेज खरं की खोटं हे बघायचं काम ब्राउझर करतो म्हणून मला ती इतकी आवडली. गूगलने 2023 मध्ये ती सगळ्या अकाउंट्सना दिली. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन पासकी तयार करा, बोट लावा किंवा स्क्रीन लॉकचा पिन टाका, काम संपलं. फिंगरप्रिंट फोनमधून बाहेर जात नाही. पासकी साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे स्पेलिंगमध्ये ओच्या जागी शून्य घातलेल्या नकली साइटवर ती चालतच नाही, तुम्ही फसलात तरी ती फसत नाही.

पण एक गोष्ट खटकते. पासकी लावली तरी पासवर्ड तसाच चालू राहतो, नकली पेजवर तो आणि एसएमएसचा कोड दिलात तर पासकी असून काय उपयोग? म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) पासकी टाकल्यावर एसएमएसचा पर्याय काढून टाका. पूर्ण बंदोबस्त हवा असेल, म्हणजे पत्रकार, कार्यकर्ते वगैरे, त्यांच्यासाठी गूगलचं अॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन आहे, तेही फुकट, त्यात लॉगिनला पासकी किंवा सिक्युरिटी की (यूएसबीसारखं छोटं उपकरण) लागतेच.

फोन हरवला तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात आणि बरोबरच आहे. त्यासाठी 10 बॅकअप कोड मिळतात, एकेक कोड एकदाच चालतो, ते कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट काढून नको. रिकव्हरी ईमेल पण भरा, आणि तो दुसरा ईमेलही तुम्हाला उघडता येतोय ना ते आधी बघा. घरातल्या मोठ्यांचं अकाउंट काढून देत असाल तर पासकी त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच बोटाने लावून द्या, तुमच्या फोनवर नको.