गिरगावच्या ऑफिसात इथरपॅड: नऊ महिने वापरल्यावर

इथरपॅड म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालणारी वही, जिच्यात अनेकांना ब्राउझरमधून एकाच वेळी एकाच मजकुरावर लिहिता येतं. ते टाकायला किती वेळ लागतो? खुद्द इथरपॅडला वीस मिनिटं. त्याच्या गोतावळ्याला आमचा अख्खा पावसाळा गेला.

आमचं ऑफिस म्हणजे गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या. अक्षरजुळणी, प्रूफं आणि वर्षाला एक दिवाळी अंक. माणसं सात. आधी वर्डच्या फाइली व्हॉट्सॲपवरून फिरायच्या आणि ‘फायनल’ नावाच्या चार फाइलींपैकी खरी फायनल कोणती यावर चहा संपायचा. छापून येण्याआधी लेख बाहेरच्या कुणाच्या संगणकावर जाता कामा नये, हा संपादक काकांचा हट्ट. म्हणून माळ्यावरचं ८ जीबी रॅमचं जुनं मशीन खाली काढलं, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची आवृत्ती होतीच. ओन्लीऑफिस या वर्डसारख्या पॅकेजचाही विचार केला होता, पण त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रॅबिटएमक्यू हा निरोप्या दोन्ही लागतात हे वाचलं आणि मशीनकडे बघून गप्प बसलो.

पहिली ठेच नोडची, म्हणजे इथरपॅड ज्याच्यावर चालतं त्या जावास्क्रिप्टच्या इंजिनाची. उबुंटू २२.०४ वर ॲप्टने, म्हणजे पॅकेज मागवायच्या त्याच्या नेहमीच्या कमांडने, नोड मागितला की आवृत्ती १२ येते. इथरपॅड २ ला तेव्हा किमान १८ हवी होती. नोडसोर्स या बाहेरच्या पॅकेज-भांडारातून २० घ्यायला गेलो तर अर्ध्यावर अडलं. लिबनोड-डेव्ह या पॅकेजची फाइल आधीच जागेवर आहे, तिच्यावर लिहिता येत नाही, असा निरोप. हे लिबनोड-डेव्ह मी कधी मागितलंच नव्हतं. आदल्या दिवशी एनपीएम हे नोडची पॅकेजं मागवायचं साधन टाकलं, त्याच्याबरोबर पाहुण्याचा पाहुणा म्हणून ते आलं होतं. ते काढलं, नोड परत टाकला, गाडी पुढे गेली. सांगायला दोन ओळी, शोधायला एक संध्याकाळ.

दुसरी चूक माझी स्वतःची. घाईत डिपेन्डन्सी, म्हणजे इथरपॅडला लागणारी इतर पॅकेजं, टाकायची स्क्रिप्ट सुडोने, म्हणजे मशीनच्या मालकाच्या (रूटच्या) अधिकाराने चालवली. मग सगळं नोड-मोड्यूल्सचं फोल्डर रूटच्या नावावर, आणि साध्या युजरने चालवायला गेलं की परवानगी नाही. इथरपॅड रूटने चालवू नये हे त्यांच्या सूचनांत लिहिलेलं आहे. त्यासाठी वेगळा युजर आधी करा, मग बाकीचं. आणि नेटवर जावा-स्कालाबद्दलच्या जुन्या सूचना सापडल्या तर बिचकू नका. मूळ इथरपॅड २००८ चं, २००९ च्या डिसेंबरात गूगलने ते बनवणारी कंपनी घेतली आणि त्याच महिन्यात कोड खुला झाला. आपण आज टाकतो ते नंतर नोडवर नव्याने लिहिलेलं.

डेटाबेस. मी टाकलं तेव्हा जो सोबत आला त्याचं नावच ‘डर्टी’, आणि तो चाचणीपुरता आहे हे सेटिंग्जच्या फाइलीतच लिहिलेलं होतं. दहाबारा पॅड (एक लेख म्हणजे एक पॅड) झाल्यावर पोस्टग्रेसवर गेलो. आत डोकावलं तर एकच टेबल, ‘स्टोअर’ नावाचं, दोन कॉलमांचं. पॅडमधला प्रत्येक बदल वेगळा साठवला जातो, त्यामुळे लेख बाराशे शब्दांचा असला तरी ओळींचा ढीग पडतो. पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे डेटाबेस घेणार असाल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. नुसता जुना यूटीएफ-८ अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून मराठीत सगळं सुरळीत वाटतं. मग एक दिवस कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात.

आता आमच्या कामाची खरी गोष्ट, एक्सपोर्ट. सर्व्हरवर लिबरऑफिस नसताना आमच्या इथरपॅडमधून फक्त साधा मजकूर, एचटीएमएल आणि त्याचा स्वतःचा फॉरमॅट निघायचा. वर्ड आणि पीडीएफ हवं तर सेटिंग्जमध्ये सॉफिसचा, म्हणजे लिबरऑफिस चालवणाऱ्या फाइलीचा, पत्ता द्यावा लागला. तो दिला आणि पहिली पीडीएफ काकांपुढे ठेवली. पानभर चौकोन. इंग्रजी आकडे तेवढे नीट. काका चष्मा वर करून म्हणाले, “हे कुठल्या लिपीत लावलंस रे?” सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. ब्राउझरमध्ये मजकूर उत्तम दिसत होता, कारण तिथे फॉन्ट ज्याच्या-त्याच्या संगणकातला. पीडीएफ सर्व्हरवर बनते, तिला सर्व्हरचा फॉन्ट लागतो. फॉन्ट्स-नोटो-कोअर हे पॅकेज टाकलं, इथरपॅड बंद-चालू केलं, आणि ‘ज्ञानेश्वर’ पहिल्यांदा जोडाक्षरासकट कागदावर उतरला. मराठीसाठी टाकणाऱ्याने हे पॅकेज लिबरऑफिसबरोबरच मागवावं, काकांना दाखवण्याआधी.

रंगांची एक गंमत. प्रत्येक लेखकाचा रंग वेगळा, आणि हिशेब अख्ख्या अक्षराचा नसून त्यातल्या प्रत्येक चिन्हाच्या कोडचा. मी ‘क’ लिहिलं आणि प्रूफं बघणाऱ्या ताईंनी त्याला वेलांटी दिली की एकाच ‘की’चे दोन मालक होतात. ऑफिसातल्या एका जुन्या ब्राउझरवर तर वेलांटी सुटून ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसायची. ब्राउझर बदलल्यावर ते थांबलं. ताईंना मात्र रंग आवडतात. ऱ्हस्व-दीर्घ कुणी चुकवलं ते विचारावं लागत नाही.

घरून काम करण्यासाठी इथरपॅडच्या पुढे एनजिनएक्स हा वेबसर्व्हर दारवान म्हणून ठेवला आणि वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे खासगी बोगद्याने, जोडणी केली. एनजिनएक्सच्या सेटिंग्जमध्ये अपग्रेडच्या दोन हेडर-ओळी लिहायला विसरलात तर वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी, जुळत नाही. पॅड उघडतं, पण रखडत चालतं, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं तेव्हा चार जण घरून एकाच लेखावर होते. त्या दिवशी सगळे कष्ट वसूल झाले.

सप्टेंबरात एकाने सगळा मजकूर निवडून चुकून उडवला. टाइमस्लायडर, म्हणजे पॅडचा जुना इतिहास दाखवणारी पट्टी, मागे ओढला, जुनी प्रत उचलली, परत चिकटवली. पाच मिनिटं. फक्त तो लेख आता पूर्णपणे माझ्या रंगात आहे आणि त्यातल्या सगळ्या चुकाही माझ्याच नावावर.

लॉगिन मुळात नसतं, लिंक असेल तो लिहू शकतो, हे लक्षात ठेवा. सेटिंग्जमध्ये ते सक्तीचं करता येतं, आम्ही केलं. पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, रोज रात्री पेनड्राइव्हवर जातो. प्लगइन दोनच ठेवलीत, हेडिंग आणि कॉमेंट. प्रत्येक प्लगइन स्वतःची पिलावळ घेऊन येतं आणि अपडेटच्या दिवशी तीच आधी रुसते.

जाहिरातींचा तक्ता अजून काकांच्या वहीतच आहे. इथरपॅडमध्ये टेबल नाही, आणि त्यासाठीचं प्लगइन टाकायची माझी हिंमत अंक छापून होईपर्यंत तरी नव्हती. अंक येऊन पाच महिने झाले, अजूनही नाही.